‘ब्लास्फेमी’ : शब्दाचा अर्थ, त्याचं मूळ आणि त्यामागचा इतिहास – वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पाकिस्तानातल्या एखाद्या खटल्याची किंवा युरोपातल्या एखाद्या व्यंगचित्राची बातमी आली, की हा इंग्रजी शब्द मराठी वाचकासमोर येतो. वर्तमानपत्रं त्याला कधी ‘ईशनिंदा’ म्हणतात, कधी ‘धर्मनिंदा’, कधी तो तसाच ठेवतात. शब्दाचा अर्थ दर शतकात थोडा सरकत गेला आहे, आणि त्या सरकण्याची किंमत माणसांनी तुरुंगात आणि फासावर मोजली आहे. म्हणून ही उत्तरं जरा विस्ताराने दिली आहेत.

ब्लास्फेमी म्हणजे थोडक्यात काय?

देवाबद्दल, किंवा एखाद्या धर्मात पवित्र मानलेल्या व्यक्तीबद्दल, नावाबद्दल, ग्रंथाबद्दल अपमानकारक बोलणं किंवा लिहिणं. यातलं ‘बोलणं’ महत्त्वाचं आहे. मूर्ती फोडणं, देवळातली वस्तू चोरणं, धर्म सोडून जाणं, धर्मात राहून वेगळं मत मांडणं या प्रत्येकासाठी इंग्रजीत वेगळा शब्द आहे. ब्लास्फेमी हा मुळात जिभेचा अपराध. चित्रं, नाटकं, चित्रपट हे सगळं त्याच्या कक्षेत पुढे आलं.

उच्चार कसा करायचा?

नाम ‘ब्लॅस्फमी’, जोर पहिल्या अक्षरावर. क्रियापद ‘ब्लॅस्फीम’, तिथे जोर शेवटी. विशेषण ‘ब्लॅस्फमस’. मराठीत ‘ब्लास्फेमी’ असं लिहायची सवय रुळली आहे, ती इथेही ठेवली आहे.

हा शब्द आला कुठून?

ग्रीकमधून. ‘ब्लास्फेमिया’ हे ग्रीक नाम आणि ‘ब्लास्फेमेइन’ हे क्रियापद. चर्चच्या लॅटिनने ते उचललं, तिथून ते जुन्या फ्रेंचमध्ये गेलं आणि १३व्या शतकाच्या पूर्वार्धात इंग्रजीत उतरलं.

शब्दाचे दोन भाग पडतात. दुसरा भाग स्पष्ट आहे : ‘फेमे’, म्हणजे बोल, बोलवा, आणि त्यावरून लौकिक. ज्या प्राचीन धातूपासून तो निघाला, त्याच धातूपासून लॅटिन ‘फामा’ आला आणि त्यातून इंग्रजी ‘फेम’. ‘प्रॉफेट’मधला शेवटचा भागही त्याच घराण्यातला. ‘इन्फंट’ म्हणजे तान्हं मूल, शब्दशः ‘जे अजून बोलत नाही ते’, हाही त्यातलाच. संस्कृतातला ‘भण्’ हा धातू भाषाशास्त्रज्ञ याच मुळाशी जोडतात, आणि ‘भणति’, प्राकृत ‘भणइ’ अशा पायऱ्यांनी आपलं रोजचं ‘म्हणणे’ त्यातून घडलं. देवनिंदेसाठीचा हा परका शब्द आणि आपण दिवसातून शेकडो वेळा वापरतो ते क्रियापद हे असे लांबचे सगेसोयरे ठरतात. मला या शब्दाच्या चरित्रातला हा सर्वांत सुंदर धागा वाटतो.

पहिल्या भागाबद्दल, म्हणजे ‘ब्लास’बद्दल, विद्वानांत एकमत नाही. इजा करणे या अर्थाच्या ग्रीक ‘ब्लाप्टो’शी त्याचा संबंध अनेकांनी लावला आहे. तो धरला तर शब्दाचा अर्थ होतो ‘इजा करणारे बोल’ किंवा ‘लौकिकाला इजा’. व्युत्पत्तीचा वाद बाजूला ठेवला तरी ग्रीक वापर तेच सांगतो : वाईटसाईट बोलणं, बदनामी करणं, अशुभ उच्चारणं. आणि ही बदनामी कोणाचीही असू शकत होती. शेजाऱ्याची, राजकीय विरोधकाची, वक्त्याची. देवाची अट नव्हती.

याच्या विरुद्धार्थी ग्रीक शब्दही इंग्रजीत आला आहे. ‘यू’ म्हणजे चांगलं, आणि पुढे तेच ‘फेमे’ : ‘युफेमिझम’, म्हणजे कटू गोष्टीसाठी वापरलेला मवाळ शब्द. ग्रीक यज्ञविधी सुरू होताना जमलेल्यांना ‘एउफेमेइते’ असा इशारा दिला जाई. शब्दशः ‘शुभ बोला’. प्रत्यक्षात ‘गप्प राहा’, कारण अशुभ शब्द तोंडून निसटू नये याची खात्री मौनानेच मिळते.

‘ब्लेम’ आणि ‘ब्लास्फेमी’ यांचा संबंध आहे हे खरं का?

खरं आहे. दोन्ही एकाच शब्दाची रूपं आहेत, फक्त वेगवेगळ्या वाटांनी आलेली. चर्चच्या लॅटिनमधला ‘ब्लास्फेमारे’ सामान्य लोकांच्या बोलण्यात ‘ब्लास्तेमारे’ झाला, झिजत झिजत जुन्या फ्रेंचमध्ये ‘ब्लास्मेर’ झाला आणि इंग्रजीत ‘ब्लेम’. म्हणजे झिजलेलं रूप माणसांच्या दोषारोपांसाठी राहिलं, आणि ग्रंथांतून जसंच्या तसं आलेलं रूप देवासाठी राखलं गेलं. मराठीत तत्सम आणि तद्भव जोड्यांत असंच घडतं.

तोच लोकांच्या तोंडचा लॅटिन शब्द इतरत्रही गेला. इटालियनमधली ‘बेस्तेम्मिया’ ही शिवीच राहिली. स्पॅनिशमध्ये मात्र ‘लास्तिमार’ म्हणजे दुखावणे झालं, आणि त्यावरून ‘लास्तिमा’ म्हणजे कीव, हळहळ. निंदेपासून दुखापत आणि दुखापतीपासून दया, एवढा लांबचा प्रवास एका शब्दाने केला.

मग हा शब्द फक्त देवापुरता कधी झाला?

ज्यू धर्मग्रंथांचं ग्रीक भाषांतर इ.स.पू. ३ऱ्या शतकापासून होऊ लागलं. त्यात हा शब्द देवाच्या अपमानासाठी वापरला गेला आणि त्याला धार्मिक वजन आलं. तरी ‘नव्या करारा’च्या मूळ ग्रीकमध्ये दोन्ही अर्थ शेजारी शेजारी नांदतात. तीताला लिहिलेल्या पत्रात ‘कोणाचीही ब्लास्फेमी करू नका’ अशा अर्थाचं वाक्य आहे, आणि तिथे बोलणं सरळ माणसांबद्दल आहे. १६११च्या प्रसिद्ध इंग्रजी बायबलने तिथे ब्लास्फेमी हा शब्द टाळून ‘वाईट बोलू नका’ असं भाषांतर केलं. म्हणजे तोवर इंग्रजीत हा शब्द बहुतांशी देवाकडे वळला होता.

या वळणाबरोबर एक अवघड प्रश्न आला, आणि पुढच्या सगळ्या कायद्यांचा इतिहास हा त्या प्रश्नाचा इतिहास आहे. माणसाची बदनामी झाली तर त्या माणसाचं नुकसान होतं. तो तक्रार करतो, भरपाई मागतो. देवाची बदनामी झाली तर नुकसान कोणाचं? ६व्या शतकात सम्राट जस्टिनियनने उत्तर दिलं : साऱ्या नगराचं. अशा बोलण्याने दुष्काळ, भूकंप आणि रोगराई येते, असं त्याच्या फर्मानात कारण दिलं आहे.

ज्यू परंपरेत ब्लास्फेमीचा खटला कसा चाले?

ज्यू धर्मग्रंथांतल्या लेवीय या पुस्तकाच्या २४व्या अध्यायात देवाच्या नावाला शाप देणाऱ्या माणसाला धोंडमाराची शिक्षा सांगितली आहे. पुढे मिश्ना या धर्मशास्त्रीय ग्रंथाने गुन्हा फार अरुंद करून टाकला : प्रत्यक्ष देवाचं नावच उच्चारून शाप दिला असेल, तरच तो गुन्हा.

यातून न्यायालयासमोर पेच उभा राहिला. साक्षीदाराने ऐकलेले शब्द जसेच्या तसे सांगितले, तर गुन्हा भर न्यायालयात पुन्हा घडेल. म्हणून सुनावणीभर साक्षीदार देवाच्या नावाऐवजी ‘योसे’ हे साधं नाव वापरत. निकालाची वेळ आली की बाकी सगळ्यांना बाहेर काढलं जाई आणि सर्वांत ज्येष्ठ साक्षीदाराला सांगितलं जाई, ‘तू जे ऐकलंस ते स्पष्ट बोल.’ तो बोले. न्यायाधीश उभे राहत आणि आपली वस्त्रं फाडत. ती वस्त्रं पुन्हा शिवायची नसत. दुसरा साक्षीदार फक्त ‘मीही हेच ऐकलं’ एवढंच म्हणे.

येशूच्या चौकशीत महायाजक आपली वस्त्रं फाडतो, तो प्रसंग या रिवाजाच्या पार्श्वभूमीवर वाचावा.

सॉक्रेटिसला ब्लास्फेमीबद्दल मृत्युदंड झाला का?

नाही. इ.स.पू. ३९९मध्ये त्याच्यावर जो आरोप ठेवला गेला त्याचं नाव ‘आसेबेइया’, म्हणजे नगराच्या देवांबाबतची अश्रद्धा. त्यात नगराचे देव न मानणं, नवी दैवतं आणणं आणि तरुणांना बिघडवणं हे मुद्दे होते. ग्रीकमध्ये ‘ब्लास्फेमिया’ शब्द तेव्हा होता, पण खटल्याचं नाव तो नव्हता.

सॅक्रिलेज, प्रोफेन, हेरसी, अपॉस्टसी, आयकॉनोक्लास्ट : हे सगळे एकच का?

एकच नाहीत, आणि बातम्यांत त्यांची होणारी सरमिसळ खटकते.

‘सॅक्रिलेज’ हा मूळचा चोरीचा शब्द. लॅटिनमध्ये ‘साक्रा’ म्हणजे पवित्र वस्तू आणि ‘लेगेरे’ म्हणजे गोळा करणं, उचलणं. देवळातून ऐवज पळवणारा तो ‘साक्रिलेगुस’. सिसेरोने इ.स.पू. ७०मध्ये सिसिलीचा सुभेदार व्हेरेस याच्यावर जी भाषणं रचली, त्यांत देवळं लुटल्याचे आरोप पानोपानी आहेत. इंग्लंडच्या फौजदारी कायद्यात चर्च फोडून चोरी करण्याला ‘सॅक्रिलेज’ हेच नाव १९६८पर्यंत होतं. त्याचं विशेषण ‘सॅक्रिलिजस’ लिहिताना इंग्रज लोकही चुकतात, कारण त्यांना त्यात ‘रिलिजस’ हा शब्द दडलाय असं वाटतं. तो नाही. दोन्हींची मुळं वेगळी आहेत.

‘प्रोफेन’मध्ये ‘फानुम’ म्हणजे देऊळ आणि ‘प्रो’ म्हणजे समोर, बाहेर. देवळाच्या उंबऱ्याबाहेरचं ते प्रोफेन. त्यात सुरुवातीला अपमान नव्हता. फक्त आत आणि बाहेर अशी रेघ होती. ‘फॅनॅटिक’ हा शब्दही त्याच ‘फानुम’पासून आला.

‘हेरसी’ म्हणजे धर्मात राहून अधिकृत सिद्धान्ताहून वेगळं मत. ग्रीक मूळ ‘हाइरेसिस’, म्हणजे निवड. ‘अपॉस्टसी’ म्हणजे धर्म सोडून जाणं. ‘आयकॉनोक्लास्ट’ म्हणजे मूर्तिभंजक. ८व्या आणि ९व्या शतकांत बायझंटाइन साम्राज्यात पूजेच्या चित्रांवरून जो संघर्ष झाला त्यातून तो शब्द आला. तो संघर्ष ८४३मध्ये संपला आणि चित्रांची पूजा करणाऱ्यांची सरशी झाली. आता रूढ समजुती मोडणाऱ्या कोणालाही इंग्रजीत कौतुकाने हा शब्द लावतात.

‘गॉश’, ‘जीझ’, ‘क्राइकी’ हे उद्गार ब्लास्फेमीशी कसे जोडलेले आहेत?

ही सगळी देवाचं किंवा ख्रिस्ताचं नाव टाळण्यासाठी मोडूनतोडून केलेली रूपं. ‘गॉश’ आणि ‘गॉली’ म्हणजे ‘गॉड’. ‘जीझ’ म्हणजे ‘जीझस’. ‘क्राइकी’ आणि ‘क्राइप्स’ म्हणजे ‘क्राइस्ट’. जुन्या नाटकांत भेटणारं ‘झाउंड्स’ म्हणजे ‘देवाच्या जखमांची शपथ’. फ्रेंच ‘पारब्ल्यू’मध्ये ‘द्यू’ म्हणजे देव, याच्या जागी निळा रंग आला आहे.

यामागे फक्त भीती नव्हती, दंडही होता. १६०६ साली इंग्लंडच्या संसदेने नटांसाठी कायदा केला : रंगमंचावर थट्टेत किंवा अनादराने देवाचं नाव घेतलं तर प्रत्येक वेळी १० पौंड दंड. त्या काळी ही रक्कम मोठी होती. त्यानंतर छापल्या गेलेल्या अनेक नाटकांत शपथा पुसलेल्या किंवा मवाळ केलेल्या दिसतात.

कॅनडातल्या क्वेबेकमध्ये उलट घडलं. तिथल्या फ्रेंचमधल्या सर्वांत जहाल शिव्या चर्चमधल्या वस्तूंच्या नावांच्या आहेत : ‘ताबारनाक’ म्हणजे प्रसाद ठेवायची पेटी, ‘कालिस’ म्हणजे पूजेचा प्याला. जिथे चर्चचा दाब अतिशय होता, तिथेच त्याच्या शब्दांना शिवीचं बळ आलं.

इंग्लंडमध्ये हा गुन्हा कायद्यात कसा आला?

आधी अशी प्रकरणं चर्चची न्यायालयं बघत. वळण आलं १६७६मध्ये. जॉन टेलर नावाच्या माणसाने येशूबद्दल अतिशय घाण शब्द वापरले आणि धर्म ही फसवणूक आहे असं म्हटलं. सरन्यायाधीश मॅथ्यू हेल यांनी निकाल दिला की ख्रिस्ती धर्म हा इंग्लंडच्या कायद्याचाच भाग आहे. धर्माला फसवणूक म्हणणं म्हणजे समाज ज्या बंधनांवर टिकतो ती बंधनंच तोडणं. टेलरला लोकांसमोर खोड्यात उभं करण्यात आलं.

या निकालात नुकसानीच्या प्रश्नाचं उत्तर बदललं. जस्टिनियनला भूकंपाची भीती होती. हेलना राज्य कोसळण्याची. देव मागे सरला आणि सरकार पुढे आलं.

स्कॉटलंडमध्ये कायदे वेगळे आणि जास्त कठोर होते. एडिंबरा विद्यापीठातला टॉमस एकनहेड हा २० वर्षांचा विद्यार्थी मित्रांशी बोलताना धर्मशास्त्राला निरर्थक म्हणाला, बायबलची टवाळी केली. साक्ष त्याच्या सोबत्यांनीच दिली. त्याने पश्चात्ताप व्यक्त केला, दयेची याचना केली. चर्चने रदबदली केली तर फाशी पुढे ढकलू, अशी प्रिव्ही काउन्सिलची, म्हणजे राजाच्या सल्लागार मंडळाची, तयारी होती. चर्चने ती केली नाही. ८ जानेवारी १६९७ रोजी त्याला फाशी दिलं. ब्रिटनमध्ये ब्लास्फेमीसाठी दिलेली ही शेवटची फाशी. विशीतल्या मुलाच्या गप्पांची ही शिक्षा आजही वाचवत नाही.

१९व्या शतकात हा कायदा मुख्यतः स्वस्त पुस्तकं छापणाऱ्यांवर चालला. टॉमस पेनचं ‘द एज ऑफ रीझन’ छापून विकल्याबद्दल रिचर्ड कार्लाइल १८१९मध्ये दोषी ठरला. तीन वर्षांची शिक्षा होती. दंड न भरल्यामुळे तो सुमारे सहा वर्षं आत राहिला. पेनच्याच ‘राइट्स ऑफ मॅन’ने पुण्यात तरुण जोतीराव फुले यांच्या विचारांना दिशा दिली, हे मराठी वाचकाला ठाऊक आहे. अशी पुस्तकं लोकांच्या हाती राहिली, त्याचं मोल कार्लाइलसारख्या छापणाऱ्यांनी मोजलं होतं.

१८८३मध्ये ‘फ्रीथिंकर’ या पत्राचे संपादक जी. डब्ल्यू. फूट यांना बायबलवरच्या व्यंगचित्रांसाठी एक वर्षाची कैद झाली. त्याच वर्षीच्या दुसऱ्या खटल्यात सरन्यायाधीश कोलरिज यांनी हेलचा सिद्धान्त बाजूला सारला. वादाची सभ्यता पाळली तर धर्माच्या मूळ तत्त्वांवरही हल्ला करता येईल, तो गुन्हा नाही, असं त्यांनी सांगितलं. म्हणजे आता प्रश्न ‘काय बोललात’ हा राहिला नाही, ‘कसं बोललात’ हा झाला. ऐकायला हे उदार वाटतं. पण सभ्य इंग्रजी लिहिता येणारा प्राध्यापक त्यातून सुटतो आणि चौकात बोलणारा कामगार अडकतो. १९२१मध्ये नेमकं तसंच झालं. जॉन विल्यम गॉट याने येशूच्या जेरुसलेम-प्रवेशाची तुलना सर्कशीतल्या विदूषकाशी करणारी पत्रकं विकली. त्याला नऊ महिने सक्तमजुरी झाली. तो आजारी होता. सुटल्यानंतर थोड्याच काळात, १९२२मध्ये, तो वारला. ब्लास्फेमीसाठी ब्रिटनमध्ये तुरुंगात गेलेला तो शेवटचा माणूस.

‘सेक्युलॅरिझम’ हा शब्द घडवणारा माणूस ब्लास्फेमीसाठी तुरुंगात गेला होता, हे खरं का?

हो. जॉर्ज जेकब होलिओक. १८४२मध्ये चेल्टनम इथे आदर्श वसाहती वसवण्याबद्दल त्याचं व्याख्यान झालं. श्रोत्यांतल्या एकाने विचारलं, तुमच्या आदर्श वसाहतीत देवाची जागा कोणती? काळ भयंकर टंचाईचा होता. होलिओकच्या उत्तराचा आशय असा : लोकांवर धर्मसंस्थेचा आधीच एवढा बोजा आहे, तेव्हा दारिद्र्य हटेपर्यंत देवालाही सैन्यातल्या अधिकाऱ्यांसारखं अर्ध्या पगारावर ठेवावं. या उत्तरासाठी सहा महिने कैद. तो तुरुंगात असताना त्याची लहान मुलगी दगावली.

‘सेक्युलॅरिझम’ हा शब्द त्याने १८५१च्या सुमारास वापरात आणला. ‘नास्तिक’ या शब्दाला चिकटलेला कलंक टाळून, या जगातल्या माणसाच्या भल्याची भाषा त्याला बोलायची होती. आपल्या घटनेच्या चर्चेत हा शब्द इतक्यांदा येतो, पण तो घडवणाऱ्या माणसाने काय सोसलं हे क्वचितच सांगितलं जातं.

ब्रिटन आणि आयर्लंडमध्ये हा गुन्हा अजून आहे का?

इंग्लंड आणि वेल्समध्ये तो २००८मध्ये रद्द झाला. त्याआधी दोन प्रकरणांनी त्याचा अन्याय उघडा केला. १९७७मध्ये ‘गे न्यूज’ या नियतकालिकात येशूवरची एक कविता छापल्याबद्दल संपादक डेनिस लेमन दोषी ठरले. हेतू काय होता हे महत्त्वाचं नाही, असं न्यायालयाने मानलं. १९९०मध्ये, मुंबईत जन्मलेल्या सलमान रश्दींच्या ‘द सॅटॅनिक व्हर्सेस’वर खटला भरण्याची मागणी लंडनच्या हायकोर्टाने फेटाळली, कारण हा कायदा फक्त ख्रिस्ती धर्मालाच संरक्षण देतो. मग दोनच वाटा उरल्या : सगळ्या धर्मांना तो लागू करा किंवा काढून टाका. शेवटी काढून टाकला. स्कॉटलंडने २०२१च्या कायद्याने तो संपवला.

आयर्लंडचं प्रकरण तर या साऱ्या इतिहासाचं सार आहे. २००९च्या कायद्यात २५,००० युरोपर्यंत दंडाची तरतूद होती, पण अट अशी की मोठ्या संख्येने लोक संतापले पाहिजेत. अभिनेते स्टीफन फ्राय यांनी २०१५मध्ये दूरदर्शनवरच्या मुलाखतीत देवाबद्दल कडक शब्द वापरले. एका प्रेक्षकाने तक्रार केली, पोलिसांनी चौकशी केली आणि २०१७मध्ये ती बंद केली, कारण संतापलेले पुरेसे लोकच सापडेनात. तक्रारदारानेही आपण स्वतः दुखावलो नसल्याचं सांगितलं होतं. २६ ऑक्टोबर २०१८च्या सार्वमतात जवळपास ६५ टक्के मतदारांनी घटनेतून हा शब्द काढण्याच्या बाजूने मत दिलं.

भारतात ब्लास्फेमीचा कायदा आहे का?

त्या नावाचा नाही. १८६०च्या भारतीय दंड संहितेने धर्माविषयीचे गुन्हे सांगितले, पण कोणत्याही एका धर्माचा सिद्धान्त राखला नाही. पूजास्थळाची विटंबना, धर्मसभेत व्यत्यय, जाणूनबुजून एखाद्याच्या कानावर पडेल असं दुखावणारं बोलणं, असं त्याचं स्वरूप होतं. इथे नुकसान होतं ते माणसाच्या भावनेचं. ‘धार्मिक भावना दुखावल्या’ या आजच्या शब्दप्रयोगामागे ही कायद्याची भाषा उभी आहे.

धार्मिक भावना दुखावण्याबद्दलचं २९५-अ हे कलम १९२७चं. लाहोरमध्ये प्रेषित मुहंमदांवर निनावी पुस्तिका निघाली. प्रकाशक राजपाल यांना हायकोर्टाने सोडलं, कारण गटागटांत वैर पसरवण्याबद्दलच्या तेव्हाच्या कलम १५३-अमध्ये तो गुन्हा बसत नव्हता. मोठं आंदोलन झालं आणि मध्यवर्ती कायदेमंडळाने नवं कलम आणलं. चर्चेत बॅरिस्टर जिना यांनी बजावलं होतं की प्रामाणिक टीका आणि इतिहासलेखन यांना संरक्षण राहिलंच पाहिजे. त्यामुळे ‘हेतुपुरस्सर आणि द्वेषबुद्धीने’ ही अट कलमात आहे. राजपाल यांचा १९२९मध्ये खून झाला.

सर्वोच्च न्यायालयाने १९५७मध्ये रामजीलाल मोदी खटल्यात हे कलम वैध ठरवलं. अनवधानाने झालेला अपमान त्यात येत नाही, असंही सांगितलं. १९६१मध्ये कमाल शिक्षा दोनवरून तीन वर्षं झाली. १ जुलै २०२४पासून हीच तरतूद भारतीय न्याय संहितेच्या कलम २९९मध्ये आहे.

पाकिस्तानने याच जुन्या संहितेत १९८२मध्ये २९५-ब (कुराणाची विटंबना) आणि १९८६मध्ये २९५-क (प्रेषितांचा अवमान) जोडलं. २९५-कमध्ये मृत्युदंड आहे, आणि २९५-अमधली हेतूची अट त्यात नाही. त्या एका अटीच्या नसण्याने काय होतं ते आसिया बीबी या ख्रिस्ती शेतमजूर बाईच्या प्रकरणाने दाखवलं : २०१०मध्ये मृत्युदंड, २०१८मध्ये सर्वोच्च न्यायालयाकडून निर्दोष सुटका, मधली आठ वर्षं कोठडीत. तिची बाजू घेणारे पंजाबचे राज्यपाल सलमान तासीर यांना त्यांच्याच अंगरक्षकाने २०११मध्ये गोळ्या घातल्या.

मुंबईतला ‘महाराज लायबल’ खटला ब्लास्फेमीचा होता का?

नाही, अब्रुनुकसानीचा. करसनदास मुळजी यांनी ‘सत्यप्रकाश’ या गुजराती पत्रात १८६०मध्ये वल्लभ संप्रदायातल्या महाराजांच्या दुराचाराबद्दल लिहिलं. जदुनाथजी महाराजांनी मुंबईच्या सुप्रीम कोर्टात दावा लावला. डॉ. भाऊ दाजी लाड यांनी डॉक्टर म्हणून करसनदासांच्या बाजूने साक्ष दिली. एप्रिल १८६२मध्ये निकाल करसनदासांच्या बाजूने लागला.

तो इथे सांगण्याचं कारण असं, की भक्तांना देवासमान असलेल्या माणसाची निंदा न्यायालयात आली ती माणसाची बदनामी म्हणून. म्हणून आरोप खरे आहेत की खोटे, हे तपासता आलं. ब्लास्फेमीच्या खटल्यात खरेपणाचा बचाव चालत नाही, आणि दोन्हींतला हा फरक फार मोठा आहे.

आपल्या परंपरेत याला समांतर काही आहे का?

अगदी तसं नाही. मनुस्मृतीत ‘नास्तिको वेदनिन्दकः’ असं आहे. नास्तिक म्हणजे वेदांची निंदा करणारा. देव न मानणारा असं तिथे म्हटलेलं नाही. म्हणजे संरक्षण ग्रंथाच्या आणि तो सांगणाऱ्यांच्या अधिकाराला होतं. तुकोबांच्या वह्या इंद्रायणीत बुडवल्याची कथा याच जातीची. त्यांनी देवाला दुखावलं असा आरोप नव्हता. वेदार्थ सांगायचा अधिकार नसताना त्यांनी तो सांगितला, ही तक्रार होती.

देवाला बोल लावायची मुभा मात्र भक्ताला भरपूर आहे. जनाबाई विठ्ठलाला ‘अरे विठ्या विठ्या, मूळ मायेच्या कारट्या’ म्हणते आणि वारकरी ते टाळांच्या गजरात गातात. हेच शब्द १७व्या शतकातल्या एडिंबऱ्यात उच्चारले असते तर काय झालं असतं, ते एकनहेडवरून कळतं. याचा अर्थ आपल्याकडे धर्मावरून छळ झाला नाही असा मुळीच नाही. तो जातीच्या आणि अधिकाराच्या रेषांवर झाला, देवाला वापरलेल्या शब्दांवरून फारसा नाही.

गोव्याच्या इन्क्विझिशनने ब्लास्फेमीचे खटले चालवले का?

ब्लास्फेमी इन्क्विझिशनच्या, म्हणजे कॅथलिक धर्मन्यायालयाच्या, अधिकारकक्षेत होती, पण इन्क्विझिशनचा मुख्य रोख वेगळा होता. १५६० ते १८१२ या काळात, मधली थोडी वर्षं वगळता, तिने प्रामुख्याने बाप्तिस्मा घेतल्यानंतर गुपचूप जुने विधी पाळणाऱ्यांवर कारवाई केली.

‘हा तर ब्लास्फेमी आहे’ असं जेवणाबद्दल किंवा क्रिकेटबद्दल बोलतात, ते चूक का?

चूक नाही. एखाद्या गटाला जे अतिशय प्रिय आहे त्याविरुद्धचं बोलणं, हा आता इंग्रजीतला रूढ, खेळकर अर्थ आहे. फक्त मराठीत वापरताना लिंग सांभाळा. निंदेवरून आपण ‘ती ब्लास्फेमी’ म्हणतो.

मराठीत लिहिताना कोणता शब्द वापरावा?

संदर्भ बघून. देवाबद्दलच्या अपशब्दांसाठी ‘ईश्वरनिंदा’ किंवा ‘देवनिंदा’. प्रेषित, ग्रंथ, संत यांचा अवमान असेल तर ‘धर्मनिंदा’ अधिक नेमकं. पाकिस्तानच्या २९५-कबद्दल ‘ईशनिंदा’ लिहिणं अर्थाच्या दृष्टीने चुकतं, कारण ते कलम प्रेषितांच्या अवमानाबद्दल आहे. भारतीय कलमांबद्दल लिहिताना यांपैकी काहीही वापरू नका. ‘धार्मिक भावना दुखावण्याचा गुन्हा’ असंच लिहा, कारण कायदा तेच म्हणतो. आणि बायबलच्या संदर्भात मराठी ख्रिस्ती समाजाचा जुना, रुळलेला शब्द आहे ‘दुर्भाषण’. ग्रीक मूळ शब्दाच्या तो सगळ्यांत जवळ जातो, कारण वाईट बोलणं एवढंच तो सांगतो.